टॅमराचं यंत्र

चर्चच्या तळघरात मेरिटचं डोहाळजेवण रंगात आलं होतं, निदान जमलेल्या बायकांच्या मते. डायपरमध्ये वितळवलेलं चॉकलेट हुंगून ओळखायचा खेळ नुकताच आटोपला होता, आणि नातवंडं असलेल्या बायका पहिल्या नंबरासाठी हमरीतुमरीवर आल्या होत्या.

मेरिटचं लक्ष पोटाकडे होतं. पस्तिसावा आठवडा. सकाळपासून बाळ दोनदाच हललं होतं.

तिच्या आईने, आर्डिसने, बत्तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली होती. तिची रीत साधी होती. काहीतरी खायचं, डाव्या कुशीवर पडायचं आणि मोजायचं. दोन तासांत दहा वेळा हललं पाहिजे. "नाही हललं तर कुणाला विचारत बसू नकोस. सरळ गाडी काढ." आर्डिस जानेवारीत गेली. तिच्यासाठी म्हणून मेरिटने रिकामी ठेवलेल्या खुर्चीवर आता भेटवस्तूंचा ढीग होता.

"आज बाळ फारसं हलत नाहीये," मेरिट सासूला म्हणाली. "मी दाखवून येते."

"अगं, एवढ्या जणी बर्फातून आल्यात तुझ्यासाठी," लव्हॉन म्हणाली. "केक तरी कापून जा."

"आणि जायचंय कशाला? मी आहे ना!" नणंद टॅमराने पिशवीतून मुठीएवढं यंत्र काढलं. इंटरनेटवरून मागवलेलं. टॅमरा दातांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंट लिहून घ्यायची; तेवढा वैद्यकीय अनुभव तिला पुरेसा वाटत होता. "पुढचा खेळ हाच आहे. बाळाचे ठोके किती, ओळखा!"

चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. एकशे चाळीसच्या वर मुलगी, खाली मुलगा. हे शास्त्र तिथल्या कॉफीच्या भांड्याइतकंच जुनं होतं, आणि तितकंच न घासलेलं.

कोचावर आडवं होऊन मेरिटने पोट उघडं केलं, आणि टॅमराने जेल चोपडून त्यावर यंत्र टेकवलं. खरखर झाली, मग धप, धप, धप. आकडा उमटला.

"शहाण्णव!" टॅमरा ओरडली. "इतके कमी म्हणजे पक्का मुलगा!"

टाळ्या पडल्या.

"बघ, झोपलाय मस्त," टॅमरा म्हणाली. "उगाच घाबरतेस. आईवर गेलीस अगदी, तिला सगळीकडे आजारच दिसायचा."

मेरिटने दोन बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवली. धप, धप, धप. एकही ठोका यंत्राच्या पुढे-मागे नव्हता.

"हे माझे ठोके आहेत."

"काहीतरीच! मी पोटावर लावलंय, मनगटावर नाही."

"पोटही माझंच आहे, टॅमरा."

तिने टिश्यूने पोट पुसलं, कोट घेतला आणि किल्ल्या शोधल्या. मागून लव्हॉनचा आवाज आला, "आता हिला काय झालं? केकचं काय करू?"

हॉस्पिटल बारा मिनिटांवर होतं. तिथे पोटाभोवती बांधलेल्या मॉनिटरच्या पट्ट्यांनी बाळाचे खरे ठोके पकडले. ते मधूनमधून मंदावत होते, आणि प्रत्येक वेळी सावरायला जास्त वेळ घेत होते. डॉक्टरांनी प्रश्न दोनच विचारले. तासाभरात सिझेरियनने मुलगी बाहेर आली. साडेचार पौंड, निळसर. जरा वेळाने बारीक आवाजात रडली.

संध्याकाळी टॅमराचा मेसेज आला. "मुलगी?? मग बक्षीस कुणाला द्यायचं? आकडा तर मुलाचा आला होता. यंत्र तुझ्यासाठी ठेवलंय, पुढच्या वेळी उपयोगी पडेल."

मेरिटने फोन पालथा ठेवला. काचेच्या पेटीत मुलीने पाय झाडला. मेरिटने सवयीने मोजलं. एक. मग दोन. दहा होईपर्यंत ती जागची हलली नाही, आणि दहा झाल्यावर, जानेवारीनंतर पहिल्यांदाच, रडली.