अर्धी कॉइल

माझे सासरे गुणाजी पेडणेकर यांनी आमच्या विजेच्या शेगडीची कॉइल बरोब्बर मधोमध कापली, एक अर्धी ताणून शेगडीतल्या मातीच्या बशीच्या खाचेत बसवली आणि दुसरी डब्यात जपून ठेवली. "अर्धी तार, म्हणजे अर्धी वीज," त्यांनी मला समजावलं. वर भातही झटकन शिजायला लागला, त्यामुळे त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. एवढ्या पटकन भात का शिजतो, हा प्रश्न काही त्यांना पडला नाही.

त्यांची गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती. मुलुंडच्या आमच्या चाळीत फ्यूज गेला की सासऱ्यांना "तात्या!" म्हणून हाक यायची, आणि तात्या बनियनवरच पकड घेऊन धावायचे. तेवढीच एक हाक त्यांना उरली होती. चार खोल्यांना मिळून तो एक फ्यूज. कॉइल कापल्यापासून तो लागोपाठ तीन रविवार गेला, आणि तिन्ही वेळा भाऊरावांच्या टीव्हीवर सिनेमा ऐन रंगात असताना.

भाऊराव म्हणजे चाळीचे सेक्रेटरी, आणि टीव्हीवाले, म्हणजे डबल सेक्रेटरी. त्यांनी फर्मान काढलं: रविवारी सकाळी मीटिंग, विषय एकच, चाळीत शेगड्या बंद.

ऐकून माझं डोकंच फिरलं. गॅसचा नंबर लावून सहा वर्षं झालेली. स्टोव्हच्या रॉकेलसाठी अर्धा दिवस रांगेत उभी राहिले, तर कॉलेजच्या प्रयोगशाळेतली माझी नोकरी गेलीच म्हणून समजा. मी तिथे रोज पोरांच्या हातात व्होल्टमीटर आणि अँमीटर देते. आमच्या शेगडीत काय बिघडलंय ते मला कळत होतं. पण चुकलात असं सासऱ्यांना सांगायचं कुणी? आमच्या घरात सून मामंजींसमोर मोठ्याने खोकतसुद्धा नाही. त्यात शेजारच्या वनमालाताई आपली कॉइल घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तात्या, आमची पण अर्धी करून द्या ना!" म्हणजे वाट लागलीच.

मग कॉलेजातल्या सरांची परवानगी काढून मी दोन्ही मीटर पिशवीतून घरी आणले.

मीटिंगमध्ये भाऊरावांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "आधी शेगडी किती वीज ओढते ते तरी बघा. मामंजी, काटा तुम्ही वाचा. मला इथून दिसत नाही." माझे डोळे ठणठणीत आहेत, पण असो.

टीव्ही, दिवे सगळं बंद करून मी जोडणी केली. आधी दुकानातली नवी, अख्खी कॉइल लावली. मामंजींनी चष्मा सारखा केला. "दोनशेवीस व्होल्ट. चार अँपिअर." मी पाटीवर लिहिलं.

"आता माझी लाव," ते छाती काढून म्हणाले. "दोन दाखवतलो. भाऊराव, इकडे ये, बघ!"

बटण दाबलं. काटा दोनवरून गेला, चारवरून गेला आणि आठवर जाऊन थांबला. मामंजींनी मीटरवर टिचकी मारली. काटा आठवरच.

"काय तात्या, अर्धी की दुप्पट?" भाऊराव म्हणाले आणि सगळी चाळ खो खो हसली. मला इतका राग आला की मीटर उचलून त्यांच्या टीव्हीवर घालावासा वाटला. शेगडी वाचवायच्या नादात मी माणसाची अब्रू चव्हाट्यावर आणली होती. माझं मलाच वाईट वाटलं.

मामंजी मात्र पाटीकडे बघत होते. "असा कसा?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"तार विजेला अडवते, मामंजी. व्होल्टला अँपिअरने भागलं की तो अडथळा कळतो."

त्यांनी खडू घेतला. दोनशेवीस भागिले चार, पंचावन्न. दोनशेवीस भागिले आठ, साडेसत्तावीस. चुकलं असेल या आशेने त्यांनी पुन्हा भागलं. साडेसत्तावीसच. मग ते उभे राहिले.

"तार अर्धी केली, अडवणारा अर्धा गेला, वीज दुप्पट धावली," ते म्हणाले. "शेगडीचो दोष नाय. चूक माझी. अख्खी कॉइल लावा आणि सिनेमा बघा. वनमाला, तुझी कॉइल कापूची नाय." आता कुणी हसलं नाही. भाऊरावांनी घसा खाकरला आणि शेगड्यांवरची बंदी रद्द झाली. माझी नोकरी राहिली.

घरी आल्यावर ते पाटी घेऊन बसले. मी चहा ठेवला तेव्हा म्हणाले, "तुका आधीच म्हायत होता?"

"हो."

"मग माका घरात कित्याक नाय सांगलंस?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

त्यांनी खरोखरच विचार केला. "नाय," ते म्हणाले, आणि पाटी पुसून माझ्यापुढे सरकवली. "आता आयकतंय. बल्बार लिवलेला असता, ता वॉटाचा काय ता सांग."

चहा उतू गेला, पण मी शिकवायला बसले.