कोंबडीच्या रक्ताची काच

पाचोऱ्याच्या त्या महानुभाव पंथीयांच्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं, आणि नातीने खिडकीत रक्त पसरलेल्या काचेच्या दोन पट्ट्या वाळत ठेवलेल्या. बेबाबाईची शाळा दुसरीतच सुटलेली, पण पट्ट्यांना चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवरची अक्षरं तिने लावून लावून वाचली. एकीवर ‘माणूस’. दुसरीवर ‘कोंबडी’.

“हाई काय शे वं बाई! बठ्ठं घर बाटवलं!”

मोनाली आंघोळीला गेली होती. बेबाबाईने चिठ्ठी न भिजवता दुसरी काच मोरीत खसाखसा धुतली. पण नातीचा कॉलेजातला प्रयोग बुडायला नको, एवढी माया होतीच. तिने गोधडीची सुई बोटात टोचली आणि पहिल्या काचेवर होतं तसंच आपलं रक्त पातळ पसरलं. लाल ते लाल, कोण विचारतंय?

दुपारी मोनाली आली ती पिशवी आपटत.

“जळगावच्या प्रदर्शनातून आमचं नाव गेलं! दोन्ही काचांवर माणसाचंच रक्त. कोंबडीची काच मिसबाहने तिच्या अब्बांच्या कोंबडीच्या दुकानातून करून आणलेली. सगळ्यांसमोर मी तिला खोटारडी म्हटलं.”

“मी म्हणत नव्हते? त्या पोरीचा भरवसा धरू नको!” बेबाबाई बोलून गेली. नातीची ही मैत्रीण घरी आली की तिला ओट्यावरच बसवायची ती. मग तिने विचारलं, “पण माणसाचं ते कळलं कसं?”

“कळतंच की. मोठी माय, पेशी म्हणजे आधी एका खोलीचं घर होतं. सगळा पसारा मोकळा. जिवाणूंचं अजून तसंच आहे. मग कुठल्याशा पेशीने वंशाचे धागे पडद्याआड ठेवले. का आणि कसे, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. तो पडद्याआडचा भाग म्हणजे केंद्रक. मासा, बेडूक, कोंबडी, यांच्या लाल पेशीत ते असतं, रंग दिला की गडद ठिपका दिसतो. आपल्या लाल पेशी तयार होतानाच ते बाहेर टाकून देतात. काचेवर ठिपके नव्हते.”

“एखाद्या कोंबडीला नसेल.”

“असं होत नाही गं. मिसबाहनेच आळस केला, स्वतःचंच बोट टोचलं.”

बेबाबाईने टोचलेलं बोट पदरात घेतलं. आत्ताच सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, आणि म्हणाली, “चहा घेतेस?”

दुसऱ्या दिवशी ती नाकाला पदर लावून मिसबाहच्या बापाच्या, जहांगीरच्या दुकानापाशी उभी राहिली. मिसबाह गल्ल्यावर होती. उठली नाही.

“काच मी धुतली, पोरी. त्यावरचं रक्त माझं.”

“मोनालीला सांगितलंत?”

“नाही अजून.”

“मग मला कशाला सांगता, आजी? खोटारडी मला तिने म्हटलं.”

तिने आत जाऊन नवी काच केली, फुंकर घालून वाळवली आणि बेबाबाईच्या हातात दिली. “पिशवीत टाकू नका, पुसलं जाईल. अशीच धरून न्या.”

भर बाजारातून बेबाबाई ती काच समोर धरून चालली. ओळखीच्या दोघी थबकल्या. तिने मान वळवली नाही.

घराच्या दारातूनच तिने हाक मारली, “मोनाली, ही कोंबडीची. आधीची मी धुऊन तिच्यावर माझं रक्त लावलं होतं. त्या पोरीने काही केलं नव्हतं.”

मोनालीने चप्पल घातली आणि मिसबाहच्या घराच्या दिशेने जवळजवळ पळतच निघाली.

बेबाबाई दारात तशीच उभी राहिली. हात भरून आला होता, तरी काच खाली ठेवायचा तिला धीर होईना.