तिकीट काढून भिंतीवर

आमच्या मैदानाला स्टँड आहे, पण त्यात कोणी बसत नाही. हे मला स्टँड बांधला तेव्हापासून माहीत आहे. तरी तिकिटं विकत फिरताना एकदाही ते माझ्या डोक्यात आलं नाही.

मैदान आमच्या घराच्या मागे आहे. पश्चिमेला वस्ती, मधे जुनी दगडी भिंत आणि पलीकडे मैदान. वस्तीची जमीन उंच आहे, त्यामुळे भिंत आमच्या बाजूने गुडघ्याएवढी आणि मैदानाच्या बाजूने पुरुषभर उंच आहे. घराचं मागचं दार उघडायचं, खुर्ची नाहीतर पोतं टाकायचं आणि मॅच पाहायची. चार वाजले की घरांची सावली भिंतीवर येते. समोर, पूर्वेला, सिमेंटच्या पायऱ्यांचा स्टँड आहे. तिथे संध्याकाळचं ऊन सरळ डोळ्यात जातं. फायनलच्या दिवशी पाहुणे तिथे बसतात, बक्षिसं वाटतात आणि जातात.

मी रुपराव. खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर होतो, आता निवृत्त आहे. आमचा फुटबॉलचा क्लब माझ्या वडिलांनी आणि त्यांच्या मित्रांनी काढला, त्यांच्यानंतर तो माझ्याकडे आला. नागपुरात असे क्लब पुष्कळ आहेत. पोरं चांगली खेळतात. मग बावीस-तेवीसची झाली की कोणी कंत्राटदाराकडे लागतो, कोणी गाडीवर पार्सलं वाटतो. एखादा कोलकात्याला किंवा गोव्याला जातो. मी नेहमी म्हणायचो की या शहरात व्यावसायिक टीम चालेल. खेळाडू आहेत, पाहणारी माणसं आहेत, फक्त कोणीतरी येऊन पाहिलं पाहिजे.

माया म्हणायची, "येतीन ना. तुमी चहाचं गंज-पातेलं मोठं घेऊन ठेवा."

माया माझी बायको. डिसेंबरात ती गेली. त्याआधी बरेच दिवस धंतोलीच्या एका दवाखान्यात होती. रविवारी मी तिच्याजवळ बसून राहिलो तर चिडायची. म्हणायची, "जा, अन् स्कोर सांगाले या." मी जायचो आणि स्कोर सांगायला परत यायचो. शेवटच्या रविवारी आम्ही तीन-एकने जिंकलो. मी सांगितलं. तिने ऐकलं की नाही, ते मला माहीत नाही.

भिंतीवर तिची जागा आमच्या दारासमोर होती. लोखंडी खुर्ची टाकून बसायची, मांडीवर मेथी नाहीतर लसूण. लाइन्समनला विचारायची, "ओ झेंडेवाले, जेवून आले का नाही?" आपली टीम कितीही हरत असली तरी शेवटची शिट्टी होईपर्यंत ती उठत नसे. आणि ती उठल्याशिवाय भिंतीवरचं कोणी उठत नसे. मधेच कोणी चपला शोधायला लागलं की म्हणायची, "कुठं चालली वं? कुकर लावून आली काय?" मग ती बाई परत बसायची.

ती गेल्यावर मी गोलच्या मागे उभा राहून मॅच पाहू लागलो. खुर्ची तिथेच राहिली. मी ती आत घेतली नाही, आणि दुसऱ्या कोणी तिला हात लावला नाही.

जानेवारीत एका कंपनीचा फोन आला. राज्यात नवी व्यावसायिक लीग सुरू होणार होती. टीमची शहरं ठरली होती, एक जागा उरली होती. ती नागपूरला द्यायची की दुसऱ्या एका शहराला, हे एका मॅचवर ठरणार होतं. नागपूरच्या क्लबांनी मिळून एक टीम उभी करायची, समोर पुण्याची व्यावसायिक टीम येईल. जिंकणं-हरणं हा प्रश्न नव्हता. तिकीट काढून लोक येतात का, ते कंपनीला पाहायचं होतं.

सदर भागात भैयाजींचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्यांचा क्लब आमचा जुना दुष्मन. शहरातल्या क्लबांची लीग चालू असली की आम्ही एकमेकांशी बोलत नाही, बाकी वर्षभर एकत्र चहा पितो. मी दुकानात गेलो आणि सगळं सांगितलं.

भैयाजी म्हणाले, "म्हणजे तुझी पोरं अन् माझी पोरं एकाच जर्सीत? मले हसू येऊन राहिलं, रुपराव."

"हसा. पण गोलकीपर तुमचा पायजे."

"अन् कॅप्टन?"

"प्रशिक."

भैयाजी थोडा वेळ खिळे तोलत राहिले. मग म्हणाले, "प्रशिकच पायजे. बाकी कोणाले केलं असतं तं म्या गोलकीपर दिला नसता."

प्रशिक आमचा सेंटर हाफ. शोभाताईचा एकुलता पोरगा. शोभाताई आमच्या शेजारी राहते, भिंतीवर मायाच्या उजव्या हाताला बसते. प्रशिकला कोलकात्याच्या एका क्लबने बोलावलं होतं आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत उत्तर द्यायचं होतं. तो मला म्हणाला होता, "काका, नागपूरले टीम भेटली तं मी कुठंच जात नाही. नाही भेटली तं जाव लागन." शोभाताई यावर काही बोलत नव्हती, पण त्या दिवसांत तिच्या घरी भाजी रोज खारट होत होती, असं प्रशिकच सांगायचा.

मी आणि भैयाजी तिकिटं घेऊन दारोदार फिरलो. लोकांनी कुरकुर केली नाही. कोणी घराला पाच घेतली, कोणी मुंबईला असलेल्या जावयाचंसुद्धा घेतलं. आठवड्यात सगळी संपली. मी कंपनीला तसं कळवलं. मला नागपूरची कधी शंका नव्हती.

फेब्रुवारीतला रविवार. मॅच चारची. कंपनीकडून पायल नावाची मुलगी आली होती, पुण्याची, तिशीतली, कानाला फोन. तिने भिंतीच्या पायथ्याशी मचाण बांधून घेतलं होतं. वर कॅमेरा, खाली टेबलावर टीव्ही. मॅच सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि तिने मला गोलमागून बोलावून घेतलं.

"काका, तिकिटं सगळी विकली गेली म्हणालात ना?"

"हो. सगळी."

"मग माणसं कुठे आहेत?"

"तुमच्या मागे."

तिने मागे वळून पाहिलं. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली होती. गच्च्यांवर माणसं, पाण्याच्या टाक्यांवर माणसं, चिंचेवर पोरं. आवाज इतका होता की आम्हाला ओरडून बोलावं लागत होतं. मग तिने मला टीव्ही दाखवला. टीव्हीत मैदान दिसत होतं आणि मैदानापलीकडे रिकामा स्टँड. मधल्या पायरीवर भैयाजी, त्यांचे दोन व्याही आणि एक झोपलेलं कुत्रं.

"आमचे मालक मुंबईत हेच बघतायत," पायल म्हणाली. "आत्ता, या क्षणी. त्यांना भिंत दिसत नाही."

"मग कॅमेरा फिरवा."

"तिकडे सूर्य आहे. सगळं पांढरं दिसेल." तिने फोन कानापासून दूर धरला. "ते म्हणतायत, आवाज रेकॉर्ड केलेला लावला आहे का? हाफ टाइमनंतरही स्टँड असाच दिसला, तर ते दुसऱ्या शहराला हो म्हणणार आहेत."

मी म्हटलं, "हाफ टाइमनंतर भरलेला दिसेल."

मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा पुणे एका गोलने पुढे होतं. भिंतीत एका ठिकाणी बॉल आणण्यासाठी पाडलेलं खिंडार आहे, त्यातून मी वर चढलो आणि शोभाताईपाशी गेलो.

"शोभाताई, चाल वं. समोर स्टँडात बसाव लागते."

"काहून? इथून दिसत नाही काय?"

"तू तिकीट घेतलं ना?"

"घेतलं ना. चार घेतले." तिने पदराची गाठ सोडून तिकिटं दाखवली. "जयंतीची वर्गणी देतो आमी, तं काय स्टेजवर जाऊन बसतो? टीमले हातभार लागला, झालं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही वर्गणीसारखेच दारोदार फिरलो होतो आणि लोकांनी वर्गणीसारखेच पैसे दिले होते. तिकिटावर बसायची जागा असते, हे ना मी सांगितलं होतं, ना कोणी विचारलं होतं.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. कॅमेरा, मुंबईचा मालक, रिकाम्या पायऱ्या. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मागून एकजण म्हणाला, "रुपरावभाऊ, तिकडं समोसे हायेत काय?" लोक हसले. एक बाई म्हणाली, "तिकडं ऊन येते. अन् ते पाहुण्यायचं हाये." दुसरी म्हणाली, "माही जागा गेली तं परत कोण देईन?" कोणी उठलं नाही.

"शोभाताई, पोरगा तुहा खेळून राहिला," मी म्हटलं. "हे टीम इथं आली नाही तं तो कोलकात्याले जाते."

"माहीत हाये मले." ती माझ्याकडे न पाहता मायाच्या खुर्चीकडे पाहत होती. "भाऊजी, मायाबाई उठल्याबिगर या भिंतीवरचं कोणी उठलं हाये काय कधी? तिची खुर्ची अजून इथंच हाये. अवकाळी आला तं म्या पोतं टाकलं तिच्यावर. तुमी एक दिवस तिले हात नाही लावला. अन् आमाले उठाले सांगून राहिले."

तिने हे रागाने म्हटलं नाही. जे होतं ते सांगितलं.

मी खुर्चीपाशी गेलो. सीटवर चिंचेचा पाला पडला होता आणि एका पायाला गंज चढला होता. माया असती तर तिने काय केलं असतं हे मला चांगलं माहीत होतं. ती सगळ्यात आधी पलीकडे जाऊन बसली असती आणि तिथून मला हाका मारल्या असत्या. मी पाला झटकला, खुर्ची उचलली, खांद्यावर घेतली आणि खिंडारातून खाली उतरलो. मैदानाच्या बाहेरून जायला वेळ नव्हता. मी सरळ मधून निघालो.

अर्धं मैदान पार होईपर्यंत मी मागे पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती. आधी शोभाताईच्या चपलांचा आवाज आला, मग बऱ्याच चपलांचा. म्हाताऱ्यांना धरून उतरवत होते, पोरं भिंतीवरून उड्या टाकत होती, कोणी पोतं काखेत मारलं होतं, कोणी प्लास्टिकच्या खुर्च्या डोक्यावर घेतल्या होत्या. पुण्याचे खेळाडू पाण्याच्या बाटल्या हातात धरून पाहत राहिले. त्यांच्या कोचने आमच्या प्रशिकला विचारलं की काही भांडण झालंय का. प्रशिक म्हणाला, "नाही सर. लोक बसाले जाऊन राहिले."

स्टँडच्या वर भैयाजी उभे राहिले आणि व्याह्यांना म्हणाले, "सरका थोडं. नागपूर येऊन राहिलं." कुत्रं स्वतःहून उठून गेलं.

मी सगळ्यात खालच्या पायरीपुढे खुर्ची ठेवली आणि शेजारी उभा राहिलो. भरायला वेळ लागला, पण पायऱ्या भरल्या. जागा कमी पडली तेव्हा लोक खुर्चीच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर बसले. पलीकडून पायलचा फोन आला.

"काका, मधोमध एक खुर्ची रिकामी दिसतेय. कोणाला तरी बसवा ना."

मी बसलो.

खुर्चीचा पत्रा उन्हाने तापला होता. समोरून ऊन असं येत होतं की बॉल कुठे आहे ते कळेना. शोभाताई माझ्या उजव्या हाताला, जमिनीवर, पदर डोक्यावर ओढून बसली होती.

"म्हणूनच आमी भिंतीवर बसतो," ती म्हणाली.

सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरले होते. तेवढ्यानं भागेना, तेव्हा कोणीतरी खिशातून तिकीट काढून कपाळावर आडवं धरलं. चांगलं जाड होतं ते. मग शेजारच्याने काढलं, मग वरच्याने. थोड्या वेळात सगळा स्टँड कपाळाला तिकीट लावून बसला.

परत पायलचा फोन. या वेळी ती हसत होती.

"मालक विचारतायत, सगळे सलाम का करतायत?"

"ऊन आहे म्हणून सांगा. आणि त्यांना म्हणावं, नीट पाहा, प्रत्येकाच्या हातात तिकीट आहे."

ती म्हणाली, "सांगते. थांबा, तेच झूम करायला सांगतायत."

प्रशिकने कॉर्नरवर डोक्याने गोल केला. मला तो दिसला नाही, ऊन होतं. शोभाताई उठून उभी राहिली तेव्हा कळलं. मॅच बरोबरीत सुटली. शेवटची शिट्टी झाली तरी कोणी उठेना. मग लक्षात आलं की सगळे माझ्याकडे पाहत आहेत. मी उठलो, तेव्हा सगळे उठले.

पुढच्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. जागा नागपूरला मिळाली. प्रशिकने कोलकात्याला नकार कळवला. पायल पुन्हा आली तेव्हा मी तिला म्हटलं की नवा स्टँड बांधाल तो भिंतीच्या बाजूला बांधा, आमचे लोक दरवेळी उठून जाणार नाहीत. ती म्हणाली, मग कॅमेरा कुठे ठेवायचा? मी म्हटलं, जिथे पाहुणे बसतात तिथे. तिने ते लिहून घेतलं. ते होईल असं मला वाटतं.

खुर्ची मी त्याच संध्याकाळी परत आणली. दुसऱ्या दिवशी पायाचा गंज घासला आणि रंग दिला. क्लबांची लीग पुन्हा सुरू झाली आहे, भैयाजी माझ्याशी बोलत नाहीत. रविवारी मी मागचं दार उघडतो आणि खुर्चीवर बसतो. मधेच कोणी चपला शोधायला लागलं की मी विचारतो, "कुठं चालली वं?"