यंत्राची चाल

"तेरा," थोंगबायकाकांनी मोठ्याने मोजले आणि आपला एकटा राजा कोपऱ्याकडे ओढला. "काय गं, तुझं पोरगं झोपलं की काय?"

"विचार करतंय, काका."

"करू दे. आमची हीसुद्धा तासभर विचार करते, आणि शेवटी भातच लावते!"

दुकान हसले. कांतांग बंदरावरच्या या चहाच्या दुकानात माकरुकचा, म्हणजे थाई बुद्धिबळाचा, नियम धर्मशास्त्रासारखा पाळला जातो: एकट्या उरलेल्या राजाने दर चालीला मोजायचे, राजे धरून पटावर जितक्या सोंगट्या उरल्या त्यांच्या पुढच्या आकड्यापासून, समोर हत्तीसारखी सरळ चालणारी होडी असेल आणि सोळा म्हणेपर्यंत मात झाली नाही, तर डाव बरोबरीत.

रसमी उभी होती. खुर्ची संगणकाला दिली होती. दुकानात जमणाऱ्या माकरुक मंडळात यंत्राला मज्जाव नव्हता, बाईला होता. हा भेद अध्यक्ष विचान गुरुजी तत्त्वचिंतकाच्या गांभीर्याने समजावून देत. फेरीबोटीच्या धक्क्यावर तिकिटे विकणाऱ्या रसमीने चाळिशीत संगणकाची भाषा मुळाक्षरांपासून शिकून हे खेळणारे यंत्र रचले, तेव्हा निर्धास्त माणसाच्या उदारपणाने त्यांनी चारचौघांत शब्द दिला होता: "यानं थोंगबायला हरवलं, तर प्रांताच्या स्पर्धेला तुझं नाव पाठवतो. खेळाडू म्हणून!"

तिचे लक्ष पडद्यावर यंत्र मोजत असलेल्या आकड्याकडे गेले. अकरा.

राजे. प्रोग्राम लिहिताना दोन्ही राजांची नोंद तिने इतर सोंगट्यांपासून वेगळी ठेवली होती, आणि मोजणीत ते दोघे गळले होते. यंत्र समजत होते, अजून सवड आहे. मुदतीत मात होणार असेल, तर ती आता की दोन चालींनंतर, हे त्याला सारखेच होते. घाई करायला तिने त्याला शिकवलेच नव्हते.

"चौदा."

यंत्राने राजा सरकवायला सांगितला. तिने सरकवला.

"पंधरा." आता कुणी हसले नाही.

तिला मात दिसली. होडी शेवटच्या ओळीत नेली की संपले. यंत्राने घोडा सांगितला. पडदा फक्त तिच्याकडे वळलेला होता. तिचा हात होडीवर गेला, न टेकता तिथेच थांबला. मग तिने घोडा उचलला.

"सोळा. बरोबरी," काका म्हणाले. मग आवाज उतरवून, "होडीनं मात होती, पोरी."

"होती."

"दिसली होती तुला?"

"तुम्ही पंधरा म्हणालात तेव्हाच."

"अगं, मग खेळायची नाही का?" गुरुजी कळवळले.

"डाव यंत्राचा लावला होता, गुरुजी. माझा कुठे लावला होता?"

हे वाक्य ऐकू आले नाही, असे गुरुजींनी ठरवले. काका मात्र मनापासून म्हणाले, "झकास बनवलंयस. चूक काढ आणि पुढच्या महिन्यात घेऊन ये त्याला."

त्याला.

सगळे चहाकडे वळले. रसमीने घोडा पूर्वीच्या घरात ठेवला, काकांचा राजा परत कोपऱ्यात नेला, होडी शेवटच्या ओळीत सरकवली. कुणी पाहत नव्हते. मात झालेल्या राजाकडे तिने क्षणभर पाहिले, आणि एकेक सोंगटी पेटीत भरू लागली.