सिद्धेश्वरचा ढग

मी एक जुना ढग आहे. हसू नका, मित्रांनो. आभाळातले ढग जुने होत नाहीत, हे मलाही कळतं. ते येतात, बरसतात, नाहीतर नुसती हूल देऊन निघून जातात. मी मात्र तीन बोटं रुंद फिल्मच्या तुकड्यावर अडकलोय आणि हिंगोलीच्या एका फोटो स्टुडिओत बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात राहतो. माझ्यात सगळं उलटं असतं, पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं. कागदावर छापलं की मगच माझं रूप दिसतं. आणि काय रूप म्हणून सांगू! पण राहू दे ती फुशारकी. माझ्यामुळे एक बैल गेला. तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म एकोणिसशे एकोणसत्तरच्या भादव्यातला. आमचे मालक अमृतराव सिद्धेश्वरच्या धरणावर गेले होते. एका मासेमाराला आपल्या नव्या होडीचा फोटो हवा होता. पाण्याच्या काठी उभं राहून अमृतरावांनी मान वर केली, तर मी उभा! कडेला रुपेरी झालर, पोटात काळोख, आणि मधल्या फटीतून उन्हाच्या तिरिपा खाली सुटलेल्या. होडी राहिली बाजूला. अमृतरावांनी कॅमेरा वर धरला आणि मला टिपलं. खरा ढग तासाभरात बरसून मोकळा झाला म्हणे. मी तेवढा मागे राहिलो.

अमृतरावांची करामत अशी. उन्हात काढलेल्या फोटोत आभाळ कोरंच उमटतं. मग डार्करूममध्ये लाल दिव्याखाली ते आधी माणसाचा फोटो कागदावर पाडायचे, आणि आभाळाची जागा पुठ्ठ्याने झाकून ठेवायचे. त्यानंतर मला यंत्रात घालायचे, माणसावर पुठ्ठा धरायचे आणि तो हळूहळू हलवत राहायचे, म्हणजे जोड दिसत नाही. कागद औषधाच्या ट्रेमध्ये पडला की माणसाच्या डोक्यावर मी हळूहळू उगवायचो. राहिलेले पांढरे ठिपके त्यांची बायको जनकाबाई बारीक कुंचल्याने भरून काढायची. तिचा हात इतका हलका, की भिंग लावूनही सापडायचं नाही.

कुरुंद्याचा एक हळदवाला नव्या मोटारसायकलवर बसला, त्याच्या मागे मी. नरसीच्या देवळाच्या कळसामागे मी. लोक म्हणायचे, "फोटो काढायचा तर अमृतरावांकडं. असं आभाळ दुसऱ्या कोणाला जमत न्हाई." मी फुगून जायचो. अमृतरावही फुगायचे. एकटी जनकाबाई कधीकधी म्हणायची, "अहो, त्या माणसाच्या अंगावर रणरणतं ऊन आणि डोक्यावर तुमचा ढग. काहून हा हट्ट?" अमृतराव हसण्यावारी न्यायचे. मीही.

मग बहात्तर साल आलं. पाऊस आलाच नाही. विहिरी आटल्या, गोठे रिकामे होऊ लागले. नरसीच्या वाटेवर बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथल्या भीमसिंगने आपले दोन बैल, हरण्या आणि बांड्या, सोडले आणि किनवटकडच्या जंगलात नेले. तिकडे अजून गवत होतं. लाकडाच्या डेपोवर काम करायचं आणि बैल जगवायचे, असं त्याने ठरवलं. त्याच्या आजे-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुख पालथा घातला होता. बैल विकायचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नाही.

पुढच्या वैशाखात त्याची बायको पारूबाई स्टुडिओत आली. कडेवर पाच महिन्यांची पोरगी. बाप जंगलाकडे गेल्यावर जन्मलेली.

"भाऊ, माज्या शेतात येऊन फोटू काढा," ती म्हणाली.

"इथंच काढू की, मागं पडदा आहे," अमृतराव म्हणाले.

"पडदा नको. शेत दिसाया पायजे." आणि तिने सगळं नीट समजावून सांगितलं. "जाताना ते बोलले, चिठ्ठी धाडू नको. लिवनारा एक लिवतो, वाचनारा दुसरंच वाचतो. फोटू धाड. फोटूत खोटं न्हाई राहत. रान कोरडं दिसलं तर मी बैल घेऊन तिकडंच थांबतो. पावसाचं दिसलं की निघतो. म्हनून सांगते भाऊ, जे हाय तेच बराबर येऊ द्या. बैल आत्ता आनले तर वाटंतच मरतील."

ऐकलंत ना, मित्रांनो? मी डब्यातून ऐकलं, अमृतरावांनी समोर बसून ऐकलं, जनकाबाईने आतून ऐकलं. नंतर कोणालाही कानावर हात ठेवायला जागा नव्हती.

अमृतराव सायकलवर गेले आणि फोटो काढून आले. दुपारी डार्करूममध्ये तो छापला. भेगाळलेलं रान, काटकुळी पारूबाई, कडेवर डोळे मिचकावणारी पोरगी, आणि वर पांढरं फटक आभाळ. अमृतराव बराच वेळ बघत बसले. मग स्वतःशीच पुटपुटले, "बाप पहिल्यांदा लेकीचं तोंड बघणार. इतका भकास फोटो धाडायचा?"

त्यांनी डबा उघडला.

त्यांना वाटलं, रान तर कोरडं दिसतंच आहे, ढगाने काय बिघडतं? आणि मला काय वाटलं? खरं सांगतो, मला तर हौसच होती. वर्षभरात कोणी मला बाहेर काढलं नव्हतं. इतक्या मोठ्या उघड्या रानावर तर मी कधीच पसरलो नव्हतो. मी अगदी ऐटीत उतरलो. बांधापासून बांधापर्यंत.

जनकाबाईने फोटो हातात घेतला आणि तिचा कुंचला थांबला. "अहो, त्या बाईनं काय सांगितलं होतं?"

"टपालाची वेळ झाली. दे इकडं," अमृतराव म्हणाले. तिने ठिपके भरले आणि दिला. पारूबाईला न दाखवताच फोटो टपालात पडला.

बारा-तेरा दिवसांनी एक माणूस दारात उभा राहिला. गुडघ्यापर्यंत धूळ, डोळे तांबारलेले. त्याने पागोट्याच्या घडीतून फोटो काढला आणि टेबलावर ठेवला.

"साहेब, मी भीमसिंग. हे ढग कुठं गेले?"

अमृतरावांचा चेहरा पडला. तरी तोंडातून निघालंच, "ढग ना? आले होते. खरंच आले होते. वारा सुटला, गेले."

"घरवाली म्हनते, पाच महिन्यांत एक ढग न्हाई आला."

भीमसिंग आवाज न चढवता बोलत राहिला. "फोटू भेटला, डेपोतले समदे बघाया आले. म्हनले, भीमसिंग, तुज्या रानावर आभाळ उतरून राहिलं. पेरनी चुकंल, निघ. मी त्याच दिवशी बैल सोडले. वाटंत कडबा न्हाई, हौदात पानी न्हाई. रोज सकाळी वर बघायचो. म्हनायचो, आज न्हाई तर उद्या भेटतील ढग, अजून म्होरं असतील. कळमनुरीच्या अलीकडं बांड्या बसला. शेपूट पिरगाळली न्हाई मी त्याची. नुसता जवळ बसलो. हरण्या त्याला चाटून राहिला होता."

माझी काय अवस्था झाली ते कसं सांगू? लाज वाटली, मित्रांनो. इतकी लाज, की फिल्म तिथल्या तिथे जळून गेली असती तर बरं झालं असतं.

आतून जनकाबाई आली. तिच्या हातात डबा होता. तिने झाकण काढलं आणि मला टेबलावर ठेवलं. "हा बघा तुमचा ढग, दादा. सिद्धेश्वरचा आहे, चार वर्षांपूर्वीचा. यांनी छापला. आणि मी कळूनसुद्धा ठिपके भरले."

भीमसिंगने मला उचलून दाराच्या उजेडात धरलं. त्याच्या बोटांना कासऱ्याचे घट्टे होते. त्याने मला उलटंसुलटं करून पाहिलं.

"एवढासा?" तो म्हणाला. "बांड्या याच्या मागं चालला व्हय?"

मला वाटलं, आता चुरगाळतो. त्याने मला हळूच खाली ठेवलं. अमृतराव हात जोडून काहीतरी बोलू लागले, पण तो थांबला नाही. बाहेर हरण्या एकटाच उभा होता. त्याला घेऊन तो तांड्याकडे गेला.

त्या वर्षी पाऊस आला. सगळे पेरायला धावले. भीमसिंगकडे एकच बैल. एक बैल असलेल्या दुसऱ्या माणसाशी त्याने सावड केली, आधी त्याचं रान पेरून दिलं आणि मग स्वतःचं. तांड्यात सगळ्यात शेवटी त्याची पेरणी झाली. अमृतराव त्या दिवशी न बोलावता तिथे गेले. तिफण चालली होती, बांधावर पारूबाई पोरीला घेऊन उभी होती, आणि वर खरेखुरे, पाण्याने जड झालेले ढग. त्यांनी फोटो काढला. छापताना मला हात लावला नाही.

पुढच्या बाजारी पारूबाई आली, तेव्हा त्यांनी तो फोटो तिच्या हातात दिला. असं आभाळ मलाही कधी जमलं नसतं. पारूबाई कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिने ढगांवरून अंगठा फिरवला, रंग निघतो का बघावं तसा.

"हे बी तुमचंच का, भाऊ?"

"नाही, बाई. शपथ घेतो. हे खरं आहे."

"त्यांना बी तुमी खरंच म्हनला होता," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. फोटो तिने टेबलावर ठेवला आणि पोरीला घेऊन निघून गेली. तो फोटो अजून इथेच आहे.

त्या दिवशी अमृतराव जेवले नाहीत. संध्याकाळी त्यांनी एक कागद घेतला, त्यावर दोन ओळी लिहिल्या आणि माझ्या डब्यावर चिकटवला. 'हा ढग सिद्धेश्वरचा आहे. याच्याखाली पाऊस पडत नाही.' त्यानंतर त्यांनी मला कधीच बाहेर काढलं नाही. अक्षरं पुसट झाली की जनकाबाई ठिपके भरायच्या त्याच कुंचल्याने ती पुन्हा ठळक करते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हालाही कधी सापडतील. ओल लागू देऊ नका, बोटांचे डाग पडू देऊ नका, असं मी कधीकाळी सांगितलं असतं. आता तसं काही मागत नाही. मला बुरशी लागली तरी चालेल. डब्यावरच्या त्या दोन ओळी तेवढ्या पुसू देऊ नका.