संक्रांतीचा बाजार

“ही बाई कोन?” चष्मा कपाळावर सरकवून, चित्राला नाक लागेल इतक्या जवळ जाऊन भागूबाईंनी विचारलं.

“तूच की, आई!” आरती हसली. “हिरवं लुगडं ओळखलं न्हाईस व्हय?”

नागापूरच्या एका कारखान्यात आरती आठवडाभर सुटे भाग तपासायची आणि रविवारी चित्रं काढायची. शिकवलं कुणी नव्हतं. पंधरा वर्षं चित्रं पलंगाखाली साठत गेली होती; नुकत्याच पूर्ण केलेल्या एकाला आता पहिल्यांदाच भिंत मिळणार होती. सावेडीत उद्यापासून प्रदर्शन होतं आणि आज चारच्या आत चित्र पोचवायचं होतं. प्रदर्शन भरवणाऱ्या सुमेधाताईंनी मोबाईलवर फोटो पाहूनच होकार दिला होता.

चित्र होतं पाथर्डीकडच्या तिच्या गावच्या बाजाराचं. संक्रांतीची सुगडी, बोरांचे ढीग, गाजरं, पारावर टेकलेला आजा, आणि मधोमध आईचं बोट धरून उभी असलेली सात वर्षांची आरती. सुगडी तर अशी हुबेहूब, की एखादं उचलून वाजवून बघावं.

भागूबाईंचं लक्ष सुगड्यांकडे नव्हतं.

“बाजार संक्रांतीचा ना? मंग मी कशी हाय हितं? दसरा झाला की आमी ऊसतोडीला जायचो, ते गुडीपाडव्याला माघारी. समद्या संक्रांती फडातल्या कोपीवर गेल्या माज्या. तुला आजाकडं ठिवून.”

“अगं, तू मला बांगड्या भरल्या होत्यास याच बाजारात.”

“त्या जत्रंत. उन्हाळ्यात.”

आरती खाली बसली. तिने मुद्दाम काही रचलं नव्हतं. तिला खरोखर तसंच आठवत होतं. आई हवी हवी म्हणून इतकी वर्षं मनात घोकलेलं कधी आठवण होऊन बसलं, ते तिलाच कळलं नव्हतं. तिला फार वाईट वाटलं. कारखान्यात केसाएवढा फरक असला तरी ती तो भाग बाजूला काढायची, आणि इथे तर अख्खी बाई चुकली होती.

तिने उठून सुमेधाताईंना फोन लावला आणि चित्रातून आईला काढून टाकतेय, असं सांगितलं.

“अहो, तीच तर चित्राचा जीव आहे!” सुमेधाताई म्हणाल्या. “काढलीत तर मधे रिकामं दिसेल.”

“रिकामंच होतं, ताई.”

“मग चित्र बघूनच ठरवीन मी. लावीनच असं सांगत नाही.”

“चालेल. चारला आणते.”

भागूबाई ऐकत होत्या. “ऱ्हाऊ दे गं. कुनाला कळतंय? मला बी बाजारात हिंडल्यावानी वाटतंय.”

बोळा उचलायला गेलेला आरतीचा हात या वाक्याने थांबला. पण क्षणभरच.

“मला कळतंय ना, आई.”

लुगड्याचा रंग अजून ओला होता, बोळ्याने पुसला तसा निघाला. चेहरा वाळला होता. तो चाकूने खरवडावा लागला. भागूबाई पलंगावर बसून स्वतःला पुसलं जाताना बघत होत्या. मोकळ्या जागेत आरतीने मागची घरं रंगवायला घेतली, दाराला कुलूप रंगवलं.

“कुलूप कुटलं आलंय आमच्या दाराला?” पलंगावरून आवाज आला. “बाबळीची काटी लावून जायचो आडवी. आमच्या, शेजारच्या लंकाबाईच्या, हनुमंताच्या बी.”

आरतीने तिन्ही दारांना काटी लावली. आता भागूबाई उठून शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि काटे नीट लांब काढून घेत होत्या.

तीन वाजले. सगळं झालं, एक सोडून. बोट धरणारी पोरगी तशीच हात वर करून उभी होती आणि त्या हातात काहीच नव्हतं.

“तिचा हात खाली घे की,” भागूबाई म्हणाल्या. “भरून यील.”

“यायचाच भरून,” आरती म्हणाली. “पण खाली न्हाई घ्यायची ती.”

भागूबाईंनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, “पाडव्यापत्तुर?”

“व्हय. पाडव्यापत्तुर.”

रिक्षात चित्र ठेवायचं कुठे, हा प्रश्न आलाच. रंग ओला होता, कुठेही टेकवून चालणार नव्हतं. भागूबाईंनी ते मांडीवर उभं धरलं, दोन्ही हातांनी चौकटीला घट्ट पकडून. खड्डा आला की त्या रिक्षावाल्यावर ओरडत होत्या. आरतीने दोनदा म्हटलं, दे माझ्याकडे, दमलीस. सावेडी येईपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.