राणीसरकार गैरहजर

"कांदे काढू नका तिच्याखालचे, चावेल!" काकूनं स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, पण तोवर टपालदादाच्या अंगठ्यातून रक्त आलं होतं.

टपालखात्याच्या नोकरीतून मोकळा झाल्यापासून टपालदादानं परसात शोभेच्या बुटक्या कोंबड्या पाळल्या होत्या. तीन माद्या, एक नर. उंची वीतभर, तोरा हातभर. त्यातली राणीसरकार म्हणजे दादाचा जीव की प्राण. सोनेरी पिसांचा नुसता गोळा, पायाच्या नखांपर्यंत पिसं. चालायला लागली की वाटावं, कुणीतरी उशीच घरंगळत सोडलीय. तिला बघायला येणाऱ्यानं आधी हात धुवायचे, मग बघायचं. शेजारच्या गावठी कोंबड्या कुंपणाशी आल्या तरी दादा त्यांना हाकलायचा. "संगत लागते," म्हणायचा. अंडं मात्र बोराएवढं. त्याची बायको, काकू, म्हणायची, "चष्मा लावून आमलेट करावं लागतं."

तर ही राणीसरकार तीन दिवसांपासून काकूच्या कांद्याच्या टोपलीत ठाण मांडून बसली होती. खाणं नाही, पिणं नाही, जवळ गेलं की अंग फुलवून गुरगुर.

"खुडूक झालीय," काकू म्हणाली.

"खुडूक होतात त्या गावठी कोंबड्या. ही खानदानी आहे."

"मग कांदे उबवतीय ती खानदानीपणानंच का?"

दादाला राग आला, पण रागवायला सवड नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात कोंबड्यांचं प्रदर्शन होतं. गेल्या वर्षी पहिला नंबर मुख्याध्यापकांच्या काळ्या कोंबडीनं नेला होता, आणि तेव्हापासून मुख्याध्यापक रस्त्यात भेटले की आधी कोंबडीची खुशाली सांगायचे आणि मग बायकोची. यंदा त्यांची जिरवायची, एवढीच दादाची इच्छा होती. देवाकडं त्यानं दुसरं काही मागितलंच नव्हतं. देवालाही बिचाऱ्याला हायसं वाटलं असेल.

दुपारी शेजारची मळेवाली वहिनी कुंपणाशी आली. डोळे लाल.

"दादा, मुंगसानं माझी कोंबडी नेली हो. यंदाच्या रोगात बाकीच्या गेल्या, ही एकटी उरली होती. सहा अंड्यांवर बसली होती. उद्या-परवा फुटायची अंडी. चुलीजवळ फडक्यात गुंडाळून ठेवलीत, पण ती ऊब किती पुरणार? तुमची बसलीय म्हणतात..."

"वहिनी, उद्या प्रदर्शन आहे."

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"अहो, तिची छातीची पिसं झडली म्हणजे? आणि खरं सांगू का, राग मानू नका, पण राणीसरकार गावठी अंड्यांवर बसली हे कळलं तर चार लोकांत मला तोंड दाखवता येईल का?"

वहिनी पदरानं नाक पुसून माघारी गेली. काकू काही बोलली नाही. बायको बोलत नाही तेव्हा माणसानं सावध व्हावं; पण दादा तेव्हा कोंबडीला आंघोळ घालत होता. एका घमेल्यात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं, तिसऱ्यात थेंबभर व्हिनेगर घातलेलं. पायाची पिसं त्यानं दातांच्या जुन्या ब्रशनं विंचरली. तुऱ्याला तेल लावलं. मग उन्हात वाळवून पेंढा घातलेल्या पिंजऱ्यात ठेवली.

सकाळी टेंपोत काकूनं पिंजरा मांडीवर घेतला. वरून शाल. खड्डा आला की दोन्ही हातांनी पिंजरा उचलून धरायची. दादाचा ऊर भरून आला. एवढ्या वर्षांत बायकोला कोंबडीचा पुळका आलेला त्यानं पहिल्यांदाच बघितला.

"जपून हं," तो म्हणाला.

"जपतेच आहे," काकू म्हणाली.

सभागृहात लांब टेबलावर पिंजरे ओळीनं मांडले होते. मुख्याध्यापक आपल्या काळ्या कोंबडीशेजारी इस्त्रीचा सदरा घालून असे उभे होते, की परीक्षकांनी दोघांपैकी कुणाला गुण द्यायचे असा प्रश्न पडावा. परीक्षक म्हणजे गुरांचे डॉक्टर, नाकावर चष्मा, हातात बारीक छडी. राणीसरकारपुढं आल्यावर ते थबकले.

"वा! असं पायाचं पीस मी दहा वर्षांत पाहिलं नाही. उभी करा तिला."

दादानं चुचकारलं. राणीसरकार आणखीच पसरली. डॉक्टरांनी छडीनं हळूच डिवचलं, तर तिनं छडीच चावली.

"खुडूक दिसतेय," मुख्याध्यापक गोड हसले.

दादानं आत हात घातला आणि गार पडला. बोटांना अंडं लागलं. बोराएवढं नाही, चांगलं दांडगं, गावठी. मग दुसरं. तिसरं. त्यानं वळून काकूकडं बघितलं.

"मी नाही म्हणालो होतो ना?"

"वहिनीला म्हणालात. मला कुठं म्हणालात?"

"सहाच्या सहा?"

"काल दिवेलागणीला ठेवली. कांद्यांपेक्षा बरी बसली."

लोक गोळा झाले. मुख्याध्यापकांनी मान लांब करून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अरेरे! खानदानाचं काय झालं हो, दादा?" हशा पिकला. दादाचे कान तापले.

डॉक्टर मात्र शांतपणे म्हणाले, "हे बघा, उभी राहिल्याशिवाय गुण देता येत नाहीत. तुम्ही अंडी काढून टेबलावर ठेवा, हिला उभी करा. माझी पाहणी पुरी व्हायला अर्धा-पाऊण तास लागेल. उभी राहिली तर पहिला नंबर हिचाच, माझ्या मनात शंका नाही."

दादानं दोन्ही हात आत घातले. पहिलं अंडं उचललं आणि तळहातावर आतून काहीतरी ठोकल्यासारखं झालं. कवचाला बारीक चीर होती आणि चिरेतून टाचणीच्या टोकाएवढी चोच. आतून आवाज आला, अगदी बारीक. राणीसरकारनं मान वाकवली आणि दादानं कधीच ऐकला नव्हता अशा खालच्या सुरात त्या आवाजाला उत्तर दिलं.

वरचा पंखा गरगरत होता. टेबलाचा पत्रा थंडगार होता. दादानं एकदा मुख्याध्यापकांच्या सदऱ्याकडं बघितलं, एकदा हातातल्या चोचीकडं.

मग त्यानं अंडं होतं तिथं ठेवलं.

"राहू द्या, साहेब. कामात आहे ती."

"नीट विचार करा. उभी न राहिलेली कोंबडी नियमानं गैरहजर धरावी लागते."

"धरा."

डॉक्टरांनी पिंजऱ्यावरच्या कार्डावर तांबड्या शाईनं 'गैरहजर' लिहिलं. पहिला नंबर काळ्या कोंबडीनं घेतला. फीत देताना टाळ्या वाजवायला फक्त शाळेचा शिपाई होता, कारण बाकीचं सभागृह 'गैरहजर' पिंजऱ्याभोवती दाटीवाटीनं उभं राहून, श्वास रोखून, चीर कुठवर गेली ते बघत होतं. पहिलं ओलं पिल्लू बाहेर पडलं, तेव्हा सगळ्यांत पुढं उभं राहून "आलं, आलं!" ओरडणारा माणूस म्हणजे इस्त्रीच्या सदऱ्यातले मुख्याध्यापक, हातातली फीत त्यांनी खिशात कोंबली होती.

संध्याकाळी दादानं पिंजरा स्वतः उचलून वहिनीच्या अंगणात नेला. पाच पिल्लं वाळून पंखांतून डोकावत होती, सहावं कवचातून अर्धं बाहेर होतं. वहिनी पाहतच राहिली. मग पुढं झाली आणि मध्येच थांबली.

"हात धुऊन येते, दादा."

"असू द्या हो," दादा म्हणाला, आणि तिथंच मातीत मांडी घालून बसला.